मॅडम, पण हे वाचणार कोण?

दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्या डिपार्टमेंटच्या टेबलावर प्रोजेक्ट रिपोर्टांचा ढीग लागतो. काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, आत प्राचार्यांपासून आई-बाबांपर्यंत सगळ्यांचे आभार, आणि मग तीस-चाळीस पानं टीवायच्या पोरापोरींनी केलेलं खरं काम. एक्स्टर्नल येतात, पानं चाळतात, दोन-चार प्रश्न विचारतात, मार्क भरले जातात आणि ढीग कपाटात जातो. नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी, टीम येऊन जाईपर्यंत कपाट सांभाळायचं, पुढच्या बॅचला जागा लागली की जुने रिपोर्ट स्टोअरला, आणि तिथून एक दिवस रद्दीत.

मी झूलॉजी शिकवते, अकोले-राजूरकडच्या डोंगरी भागात. माझ्या वर्गातली बरीच मुलं त्यांच्या घरातली कॉलेजला आलेली पहिली. ही मुलं ओढ्याचं पाणी तपासतात, भातखाचरातले खेकडे मोजतात, गावातल्या वैदूकडून कुठल्या पाल्याचा रस कशावर लावतात ते विचारून लिहून आणतात. सगळंच काम भारी असतं असं मी म्हणणार नाही. तुळशीच्या अर्काने बॅक्टेरिया मरतात का हा प्रोजेक्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत दरवर्षी नव्याने होतो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण दर बॅचमध्ये एक-दोन कामं अशी निघतात की ती दुसऱ्या कुणी केलेलीच नसतात, कारण त्या ओढ्यापाशी, त्या रानात दुसरं कुणी गेलेलंच नसतं. आणि नेमकं तेच काम बाइंडिंग होऊन कपाटात जातं.

असाच एक रिपोर्ट सबमिट करताना एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, पण हे वाचणार कोण?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती. माझं उत्तर आहे, हे काम सोशल मीडियावर लोकांपुढे मांडायचं. ते का, हेच इथं सांगते.

या प्रश्नाचं एक उत्तर बाजारात तयार मिळतं. परीक्षेच्या सुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, पेपर पाठवा, इतके पैसे भरा, आयएसएसएन नंबरसकट (नियतकालिकाच्या नोंदणीचा नंबर) आठवड्यात छापून देतो, सर्टिफिकेट फ्री. मुलं भरतातही, घरून पैसे मागून भरतात. त्या जर्नलमध्ये कुणी काही तपासत नाही आणि तिथं छापलेलं कुणी वाचतही नाही, म्हणजे पैसे गेले आणि वाचणार कोण हा प्रश्न जागच्या जागी. या प्रकाराला आळा घालायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2019 मध्ये केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, आणली होती, 2025 मध्ये ती बंद करून चांगलं-वाईट जर्नल ओळखायचं काम विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर सोडलं. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट आलेत, पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तर चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च करता येतं. म्हणजे पदवीच्या मुलांचं संशोधन वाढत जाणार हे नक्की. ते जाणार कुठं, यावर मात्र मीटिंगांमध्ये फारसं कुणी बोलत नाही.

मला इथं जयंत नारळीकर सरांची आठवण येते. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा सगळीकडे त्यांचं खगोलशास्त्र, त्यांनी उभी केलेली पुण्याची आयुका ही संशोधन संस्था, विज्ञानकथा यांवर भरभरून आलं, यायलाच हवं होतं. मला त्यांची एक छोटी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगायचे की मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करून पाठवतो. आणि ते पाठवायचे. कुठल्यातरी गावातल्या पोराला त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर थेट त्या माणसाकडून आलं तर त्याच्यासाठी विज्ञान ही पुस्तकातली गोष्ट राहत नाही, आपणही त्यात बोलू शकतो असं त्याला वाटायला लागतं. माझ्या विद्यार्थ्यांना सोशल मीडियावर काम मांडायला मी सांगते ते याच्यासाठी. लाइक किती आले याच्याशी मला देणंघेणं नाही, कुणीतरी प्रश्न विचारला पाहिजे आणि मुलाला त्याचं उत्तर शोधावं लागलं पाहिजे.

काजव्यांच्या प्रोजेक्टची गोष्ट सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते नीट कळेल.

मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याच्या भागात काजवे दिसतात, हे आता अख्ख्या महाराष्ट्राला माहिती झालंय. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि अख्खं झाड एका तालात लुकलुकतं. पुण्या-मुंबई-नाशिकवरून गाड्यांच्या रांगा लागतात, काजवा महोत्सव भरतो, गावागावांत टेंट लागतात. त्यात इन्स्टाग्रामचा वाटा मोठा आहे. रीलमध्ये दिसणारं ते सोनेरी जंगल पाहून लोक येतात, रात्रभर हेडलाइट चालू-बंद, मोबाइलचे टॉर्च, आणि काजव्यांसाठी नेमकं हेच वाईट. कारण तो उजेड म्हणजे त्यांचं बोलणं असतं. नर चमकून खूण देतो, मादी बहुधा खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देते, आणि जोडी जमते ती या उत्तरावरून. वर बाहेरचा उजेड पडला की खूण दिसत नाही, मग पुढचं सगळंच अडतं. प्रौढ काजव्याच्या हातात असतात जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यातल्या काही रात्री वाया गेल्या तर भरून कशा काढणार?

माझी एक विद्यार्थिनी त्याच पट्ट्यातल्या गावातली. तिने ठरवलं की गावाच्या रस्त्यालगतची उजेडातली झाडं आणि आतल्या अंधाऱ्या ओहोळाजवळची झाडं यांच्यावरचं चमकणं मोजायचं. पद्धत साधी, ठराविक वेळी ठराविक झाडासमोर उभं राहायचं, ठराविक मिनिटं मोजायचं, तापमान, पाऊस, चंद्र किती होता ते लिहायचं. सोबतीला आई किंवा चुलतभाऊ. एकदा पावसाने वही भिजली तर दुसऱ्या दिवशी शाई पसरलेल्या पानांचे फोटो मला पाठवून विचारत होती की हा आकडा धरायचा का सोडायचा. असं विचारणारा विद्यार्थी मिळाला की शिक्षकाला अजून काय लागतं!

सीझन संपल्यावर तिने पहिली पोस्ट टाकली ती म्हणजे रिपोर्टच्या सुरुवातीचा सारांश, इंग्रजी अ‍ॅबस्ट्रॅक्ट, जसाच्या तसा, खाली हॅशटॅग. मैत्रिणींनी हार्ट दिले, संपलं. मी म्हटलं, तू आईला हे सगळं कसं सांगितलंस ते मला सांग. तिने सांगितलं. मग म्हटलं आता हेच कॅमेऱ्यासमोर बोल.

दुसरा रील फोनवरच केलेला. त्यात तिने आधी इंटरनेटवर फिरतो तसला काजव्यांचा फोटो कसा तयार होतो ते दाखवलं, म्हणजे बरीच सेकंदं शटर उघडं ठेवून घेतलेले कितीतरी फोटो एकावर एक चढवले की तो सोनेरी सडा दिसतो. शेजारी तिने एकच फोटो ठेवला, खूप अंधार आणि थोडे ठिपके. म्हणाली, डोळ्यांना दिसतं ते यापेक्षा वेगळं असतं, इथं येऊन रीलसारखं दिसलं नाही म्हणून टॉर्च मारू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. मग तिने काय मोजलं ते सांगितलं, आणि शेवटी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, की हा एका गावातला एका सीझनचा काउंट आहे, यावरून काजवे कमी झाले असं मी म्हणू शकत नाही, रस्त्याकडच्या आणि आतल्या झाडांमध्ये मला फरक दिसला एवढंच म्हणू शकते.

त्या रीलखाली जे झालं ते मला कुठल्याही व्हायव्हात कधी बघायला मिळालेलं नाही.

काही लोकांना काजवे नामशेष होणार असं ऐकायचं होतं, त्यांनी तेच लिहिलं, आणि ती प्रत्येकाला शांतपणे सांगत राहिली की तसं माझ्या आकड्यांतून निघत नाही. भीमाशंकरकडच्या कुणीतरी विचारलं, ताई, वळीव पाऊस लवकर झाला तर काजवे लवकर येतात का, आमच्याकडे तसं म्हणतात. तिच्याकडे पाऊस पडला-नाही एवढीच नोंद होती, पहिला पाऊस कधी झाला याचा वेगळा रकाना नव्हता. आता आहे. राजूरकडच्या एका आजोबांनी नातवाच्या फोनवरून व्हॉइस नोट पाठवली, आमच्या लहानपणी अमुक ओढ्याला अमुक झाडं भरायची, आता ती झाडंच नाहीत. ही माहिती कुठल्या पेपरात सापडणार नाही, आणि तिला आता पुढचा प्रश्न पडलाय की काजवे झाडाची जात निवडतात की जागा. आणि कीटकांवर काम करणाऱ्या एका संशोधकाने मेसेज करून विचारलं, तुम्ही झाडावरचे मोजलेत, म्हणजे मुख्यतः नर, मग गवतातल्या माद्यांचं काय, अळ्या कुठं आहेत, त्या ज्या गोगलगायी खातात त्या रस्त्याच्या कडेला आहेत का? हा प्रश्न वाचून ती दोन दिवस गप्प होती. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, मॅडम, माझा अर्धा प्रोजेक्ट बाकी आहे.

घरात मात्र वातावरण तापलं. तिच्या भावाचे टेंट आहेत, सीझनमधल्या त्या तीन-चार आठवड्यांवर घराचं बरंच काही चालतं. भाऊबंद म्हणायला लागले, पोरगी शिकली आणि आपलाच धंदा बसवायला निघाली. हे हलकं घेण्यासारखं नाही, शहरात बसून निसर्ग वाचवा म्हणणं वेगळं आणि ज्या घरात पैसा त्या पर्यटकाकडून येतो तिथं बसून म्हणणं वेगळं. तिने पुढच्या पोस्टमध्ये लोकांनी येऊ नका असं म्हटलंच नाही. टेंटजवळचे दिवे खाली तोंड करून, पिवळे आणि कमी ठेवा, टॉर्चला लाल कागद लावा, गाड्या गावाबाहेर लावून चालत या, असं टेंटवाल्यांच्या सोयीने लिहिलं, आणि पहिला फोटो भावाच्याच टेंटचा टाकला. भाऊ तयार झाला. बाकीचे बघू म्हणाले.

तिने कुठल्याही पोस्टवर त्या ओहोळाचं नाव टाकलं नाही, लोकेशन टॅग केलं नाही. याबाबतीत मी कडक आहे. दुर्मिळ वनस्पती, कोळी, पाली, साप यांची नेमकी जागा जाहीर झाली की गोळा करणारे, विकणारे पोचतात. आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर धोक्यातल्या प्रजातींचं लोकेशन आपोआप धूसर केलं जातं, इन्स्टाग्रामवर ते आपल्यालाच करावं लागतं, फोटोच्या पार्श्वभूमीत ओळखू येणारा सुळका किंवा देऊळ नको इथपर्यंत.

आता कुणी म्हणेल की कमेंट आल्या म्हणजे काय संशोधन झालं का. तर यातून खरंखुरं, तपासून छापलेलं संशोधन होतं, आणि त्यातलं एक आमच्या शेजारच्या तालुक्याशी जोडलेलं आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. विज्ञान दिनाला तिथं जत्रेसारखी गर्दी असते, शाळा-कॉलेजांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. या दुर्बिणीने आकाशाचं जे सर्वेक्षण केलं त्याच्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या आहेत. डॉ. आनंद होता यांनी 2013 मध्ये रॅड अ‍ॅट होम नावाचा उपक्रम सुरू केला, आणि त्याचा वर्ग भरतो फेसबुकच्या ग्रुपवर. बीएस्सी, बीई करणारी किंवा केलेली मुलं तिथं रेडिओ प्रतिमा आणि साध्या प्रकाशातल्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून बघायला शिकतात, काही वेगळं दिसलं की पोस्ट करतात, आणि खगोलशास्त्रज्ञ त्याच पोस्टखाली त्यांच्याशी चर्चा करतात. दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवरातून निघणारे झोत सहसा दोन्ही बाजूंना असतात. या उपक्रमातून रॅड 12 नावाची एक दीर्घिका समोर आली, सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षं दूर, तिच्या झोताने फुगवलेला, रेडिओ दुर्बिणीत दिसणारा बुडबुडा एकाच बाजूला, शेजारच्या दीर्घिकेवर फुंकल्यासारखा गेलेला. 2022 मध्ये ते काम मंथली नोटिसेस ऑफ द रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी या खगोलशास्त्राच्या जर्नलच्या लेटर्स विभागात आलं. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरसावून बसतात, कारण खोडदच्या त्या पांढऱ्या अँटेना त्यांनी एसटीतून जाता-येता पाहिलेल्या असतात.

दुसरी गोष्ट हिमाचलची. लॉकडाऊनमध्ये, जून 2020 मध्ये, चंबा जिल्ह्यातल्या आपल्या घरी अडकलेल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याने परसात दिसलेल्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या झीशान मिर्झा यांच्या तो नजरेस पडला, हा कुकरी साप ओळखीचा वाटत नाही म्हणून त्यांनी चौकशी सुरू केली, आणि 2021 च्या शेवटी ऑलिगोडॉन चुराहेन्सिस ही नवी प्रजाती जाहीर झाली. त्या पेपरवर विद्यार्थ्याचं नाव लेखक म्हणून आहे. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. फोटो घेतला, धन्यवाद दिले आणि विसरले असं झालं नाही.

कारण श्रेयाची भीती खरी आहे. पोस्ट टाकली तर आयडिया कुणी उचलेल, हे माझे सहकारी दरवेळी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. म्हणून मी मुलांना सांगते की आधी पोस्टर किंवा रिपोर्ट झेनोडोवर टाका. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं रिपॉझिटरी, म्हणजे कामं ऑनलाइन जपून ठेवायची जागा आहे, फुकट आहे, तारखेसह डीओआय, म्हणजे त्या कामाचा कायमचा ऑनलाइन नंबर मिळतो, म्हणजे हे काम तुम्ही कधी मांडलं याची कायमची नोंद राहते, आणि मग रीलच्या खाली तो डीओआय द्या. शिवाय ज्याला शंका आहे तो पूर्ण आकडे बघू शकतो. जे पैसे त्या सर्टिफिकेटवाल्या जर्नलला जाणार होते ते वाचतात, ते वेगळंच. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने तर 2015 पासून ट्विटरवर पोस्टर कॉन्फरन्स घ्यायला सुरुवात केली होती, पोस्टर टाका आणि जगातून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्या. तिकीट नाही, व्हिसा नाही, हॉटेल नाही. राजूरच्या मुलीला दिल्लीची कॉन्फरन्सही परवडत नाही, तिच्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

मुलींच्या बाबतीत अजून एक काळजी असते. काजव्यांवर बोलणाऱ्या मुलीच्या रीलखाली तिच्या दिसण्यावर, बोलीवर, आडनावावर लिहिणारे येतातच. वैयक्तिक अकाउंटवरून टाकायचं नाही, डिपार्टमेंटच्या अकाउंटवरून टाकायचं, कमेंट आधी आम्ही शिक्षकांनी बघायच्या, चेहरा दाखवायचा की नुसता आवाज ते मुलीने ठरवायचं, असं आम्ही ठरवून घेतलंय. हे काम शिक्षकाचं आहे, मुलांना पोस्ट टाका म्हणून सांगून आपण बाजूला होणं मला मान्य नाही. बोलीबद्दल एवढंच की ती तिच्या घरच्या मराठीतच बोलली आणि आजोबांची व्हॉइस नोट आली ती त्यामुळेच.

आणि सगळंच पोस्ट करण्याजोगं नसतं. ओढ्याच्या पाण्यात कॉलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण देणारे जंतू) सापडले तर आधी ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं, परत सॅम्पल घ्यायचं, मगच लोकांपुढे जायचं. वैदूंनी सांगितलेल्या औषधाची माहिती त्यांना विचारल्याशिवाय टाकायची नाही, त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा साधा नमुना, न घेतलेला प्रयोग, एकाच सॅम्पलवरचा निष्कर्ष, हे कितीही आकर्षक दिसलं तरी थांबवायचं. याबाबतीत मुलं माझ्यावर चिडतात. चिडू देत.

काजवे मोजणाऱ्या त्या मुलीचं टीवाय संपलंय, ती आता एमएस्सीला आहे. काजव्यांचं काम एसवायच्या दोघांनी फील्ड प्रोजेक्ट म्हणून पुढं घेतलंय आणि ती फोनवरून त्यांच्या वह्या तपासते. भीमाशंकरकडच्या त्या प्रश्न विचारणाऱ्यासकट इतर गावांतले काही जण आपापल्या अंगणातून त्याच पद्धतीने मोजणार आहेत, त्यांच्यासाठी मुलांनी मराठीत एक पानाची सूचना आणि गुगल फॉर्म बनवलाय. पोस्टरवर नावं कुणाकुणाची घालायची यावर परवा वर्गात चांगलाच वाद झाला. एसवायच्या मुलाचं म्हणणं, मोजणाऱ्यांची नावं आभारात घालू. तिचं म्हणणं, जे पूर्ण सीझन मोजतील त्यांची नावं लेखकांत हवीत, आणि आजोबांना विचारून त्यांचंही. मी तिच्या बाजूने आहे. फॉर्ममध्ये आता शेवटी एक रकाना वाढवलाय, तुमचं नाव पोस्टरवर कसं छापायचं ते लिहा.